कांद्यासाठी जागा

ब्रेडच्या डब्यामागं हात घातला तेव्हा मास्तरांच्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. गार, पण मऊ. त्यांनी हात मागं घेतला आणि ते तसेच उभे राहिले, कारण ते काय आहे हे बोटांना कळलं होतं आणि मास्तरांना कळून घ्यायचं नव्हतं. चार पिशव्या. सकाळी फडक्यात गुंडाळून त्यांनीच तिथं ठेवलेल्या. तेव्हा त्या पाटीसारख्या टणक होत्या, एकावर एक टेकल्या की टक् असा आवाज करणाऱ्या. आता फडकं चिंब झालं होतं, ओट्यावर पाण्याचा ओघळ आला होता आणि पिशव्या एकमेकींच्या अंगावर रेलल्या होत्या. दुपार कलली होती. आतल्या खोलीत लेकीचं पिल्लू झोपलं होतं. फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात, जिथून या पिशव्या निघाल्या होत्या तिथं, ट्रेवर पसरलेला कांदा एव्हाना छान गोठला असणार होता.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेत त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं. पण गळ्यात टेप आणि हातात कात्री घेऊन उभं आयुष्य काढलेल्या माणसाला गिऱ्हाइकं मास्तरच म्हणतात, आणि दुकान बंद झाल्यावरही ते नाव अंगाला चिकटून राहिलं होतं. बायको गेल्यावर ते एकटेच राहत होते. लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली आणि जावई दूर कुठं पुलाच्या कामावर, महिन्यातून एकदा घरी येणारा. तेव्हा तिनं फोन केला, बाबा तुम्ही याल का, आणि मास्तरांनी त्याच दिवशी पिशवी भरली होती. आपण कुणाला तरी लागतो, हे त्यांना बऱ्याच दिवसांनी ऐकायला मिळालं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत त्यांनी स्वतःला असं बसवून घेतलं होतं, जसं कापडाच्या उरल्यासुरल्या तुकड्यात खिसा बसवावा. दूध गरम करणं, दुपटी वाळत घालणं, पिल्लूला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभं राहणं, सगळं ते शिकले. आज लेकीचा कामावरचा पहिला दिवस होता.

कांद्याची कल्पना तिचीच. चार दिवसांपूर्वी ती म्हणाली होती की संध्याकाळी कामावरून आल्यावर स्वयंपाकाचं काही नाही, पण कांदा सोलायचा-चिरायचा म्हटलं की जीव जातो, आणि नेमकं तेव्हाच हा रडायला लागतो, हात कांद्याचे, घ्यायचं कसं याला. कुणीसं तिला सांगितलं होतं की चिरलेला कांदा फ्रीजरमध्ये ठेवता येतो, तसाच कढईत टाकायचा, वितळायची वाट बघायची नाही. ती हे सहज बोलली आणि विसरली. मास्तर विसरले नाहीत. तिच्या जुन्या फोनवर त्यांनी ते नीट बघून घेतलं, दोनदा. कोरडा, टणक कांदा घ्यायचा. बारीक चिरायचा, पण लगदा होऊ द्यायचा नाही. ट्रेवर एकच थर पसरायचा, ट्रे सपाट ठेवायचा. दाणादाणा सुटा गोठला की मग पिशवीत भरायचा, पिशवीवर पिशवी चढवायची, नाहीतर वास सगळीकडे लागतो. तसंच पिशवीत कोंबलं तर दगड होतो. मास्तरांना हे पटलं. आधी पसरायचं, सपाट करायचं, मग घडी घालायची, हे तर ते आयुष्यभर करत आले होते.

सकाळी ती बाहेर पडल्यावर त्यांनी कांदे सोलले. इतके एकसारखे चिरले की ट्रेवर पसरल्यावर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. फ्रीजर उघडला तर सपाट जागा एकच, वरचा कप्पा, आणि तिथं ते होतं.

ते. मास्तर त्याला ‘ते’च म्हणायचे. लेक सरळ दूध म्हणायची. बाबा, दूध वरती आहे, खालच्या दोन पिशव्या आजच्या, वरच्या अडीअडचणीला, एकदा वितळलं की परत गोठवायचं नाही, टाकून द्यायचं. ती हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची आणि मास्तर मान हलवत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. त्यांना स्वतःचंच नवल वाटायचं. हजारो बायकांची मापं त्यांनी घेतली होती. छाती, कंबर, पाठ, दंड. टेप फिरवायचा, आकडा म्हणायचा, दुकानातला पोरगा लिहून घ्यायचा. त्यात कधी त्यांची नजर चळली नाही की हात अवघडला नाही, म्हणून तर घराघरांतल्या सासवा सुनांना घेऊन त्यांच्याकडे यायच्या. मापाला चेहरा नसतो, असं ते म्हणायचे. पण इथं, या दोन खोल्यांत, लेक पलंगावर बसून पिल्लूला घेई तेव्हा ते खुर्ची फिरवून बसत. ती दूध काढायचं यंत्र लावून बसली आणि त्याची घर्र-घर्र सुरू झाली की ते गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीची वाळत घातलेली चादर बघत राहत. गोठलेली पिशवी काढायची तर फडक्यानं धरत. बापानं असंच वागायचं असतं, असं त्यांना वाटे. म्हणून सकाळी त्यांनी वरच्या चार पिशव्या न बघता फडक्यात गुंडाळल्या आणि ब्रेडच्या डब्यामागं सरकवल्या, ट्रेवरचा कांदा जरा आवळला की परत ठेवू म्हणून. डोळ्यांपुढं नकोत म्हणून मागं ठेवल्या, आणि त्या डोळ्यांपुढं आल्याच नाहीत. मग पिल्लू उठलं, मग त्याचं दूध, मग अंघोळ, मग मास्तरांचं जेवण आणि एक डुलकी.

आता त्यांनी पिशवीचं तोंड उघडलं. त्यांनी असं कधी केलं नव्हतं; खालच्या पिशव्या लेक सकाळीच बाटलीत भरून गेली होती. आत पिवळसर साय कडेला धरली होती. वास अगदी थोडा आला, गोडसर, आणि त्यावर लगेच त्यांच्याच बोटांचा कांद्याचा वास चढला. त्यांनी नळ सोडला आणि चारही पिशव्या मोरीत ओतल्या. पांढरं पाणी जाळीशी घोटाळलं आणि गेलं. रिकाम्या पिशव्यांची घडी करून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात कांद्याच्या सालींखाली दाबली. हे करताना त्यांच्या मनात खोटं बोलायचं काही नव्हतं. ती आली की सांगायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. साली वर ओढल्या त्या हातानंच, मनानं नाही.

लेक आली ती चेहरा उतरून. बसकंपनीच्या कचेरीत ती गाड्यांची वेळापत्रकं बसवायची. रजेच्या काळात तिचं टेबल दुसऱ्याला गेलं होतं, आणि दूध काढायला तिला दिली होती ती हरवलेल्या वस्तूंची खोली. बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, एक कुबडी, एक बाहुली. त्यात स्टुलावर बसून ती यंत्र लावते न लावते तोच कुणी दार ढकललं. छत्री न्यायला आलेला माणूस. तो बिचारा माफी मागून पळाला, ती सांगत होती, पण नंतर आलंच नाही हो, एक थेंब नाही. मास्तर पिल्लूच्या टोपीची नाडी सारखी करत होते. बोलता बोलता तिनं आणलेली अर्धी बाटली ठेवायला फ्रीजर उघडला आणि तिचा आवाजच बदलला. तिला कांदा दिसला होता. तिनं ट्रे हलवला तर दाणे वाळूसारखे घरंगळले. एवढा कांदा तुम्ही एकट्यानं चिरलात, असं म्हणून तिनं ट्रे छातीशी धरला. मग तिचं लक्ष गेलं.

“वरच्या चार कुठं गेल्या? प्यायला की काय सगळ्या?”

तिनं प्रश्नातच उत्तर ठेवलं होतं. मास्तरांनी फक्त ते उचललं.

“हो,” ते म्हणाले.

ती हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू असावं. तिनं पिल्लूला त्यांच्या हातातून ओढून घेतलं, त्याच्या पोटात तोंड खुपसलं, खादाड कुठला, आईला विसरलास ना, असं काय काय बोलली. मग गॅस पेटवला आणि मूठभर कांदा तसाच तेलात टाकला. चर्र आवाज झाला, भरपूर वाफ आली, पाणी सुटलं, मग तो हळूहळू सोनेरी झाला. बाबा, तुम्ही वाचवलंत मला, ती पाठमोरी म्हणाली. मास्तरांना त्या रात्री जेवण गेलं नाही. उन्हाचा त्रास, असं ते म्हणाले.

दुकानात असताना मास्तरांची एक ख्याती होती. कापड चुकून कापलं गेलं तर ते गिऱ्हाइकाला कळायच्या आत सांगत. माझ्या हातून तुमचं नुकसान झालं, असं सरळ तोंडावर. एका बाईच्या मुलीच्या लग्नाचं कापड होतं, बाहेरून मागवलेलं, आणि त्यांची कात्री एक बोट आत गेली. त्यांनी दुकानाला कुलूप लावून तिच्या घरी जाऊन सांगितलं होतं. ती रडली, ओरडली, आणि पुढं तिच्या तीन नातींचे कपडे त्यांच्याकडेच शिवून घेतले. मग आता काय झालं होतं? ते अंथरुणावर पडून याचा विचार करत, आणि तो विचार एका ठिकाणी येऊन अडे. सांगायचं म्हणजे वाक्य करावं लागणार. तुझं दूध मी. यापुढं शब्द येत नसत. कापड कापड होतं. हे तिच्या अंगातून निघालेलं होतं, आणि त्याचं नावसुद्धा तिच्यासमोर त्यांनी कधी घेतलं नव्हतं. ते नाव पहिल्यांदा घ्यायचं ते आपण ते मोरीत ओतलं हे सांगायला?

दुसऱ्या दिवशी ती चार बाटल्या भरून ठेवून गेली. सकाळी लवकर उठून काढलं, म्हणाली; कालच्याएवढं नसेल पण पुरेल ना? पिल्लूनं आदल्या दिवसासारख्याच दोन संपवल्या. तिसरी मास्तरांनी त्याच्या ओठांना लावली. त्यानं तोंड फिरवलं. त्यांनी पुन्हा लावली. त्यांनी त्याला खेळवलं, थोपटलं, खिडकीपाशी नेलं, परत बाटली लावली. दोन घोट गेले आणि दुप्पट मास्तरांच्या सदऱ्यावर आले. संध्याकाळ जवळ येत होती. बाटल्या उरल्या तर ती विचारणार, आज का नाही प्यायला, बरं नाही का, डॉक्टरांकडे धावणार, डॉक्टर म्हणणार, या वयाचं बाळ एवढं पीतच नाही. मास्तर मोरीपाशी उभे राहिले. आदल्या दिवशीचं वाया गेलेलं होतं. हे चांगलं होतं. ताजं, अजून अंगाच्या वासाचं. त्यांनी नळ सोडला, तोंड खिडकीकडे केलं आणि बाटली कलती केली.

मग ते रोजचंच झालं. ती आणखी लवकर उठू लागली. पहाटेच यंत्राची घर्र-घर्र भिंतीतून यायची आणि मास्तर डोळे मिटून पडून राहायचे, समोर बघायला चादरही नसायची. ती पाणी जास्त पिऊ लागली, कुणी सांगेल ते खाऊ लागली. आरशात बघून म्हणायची, वाळले ना मी? आणि स्वतःच उत्तर द्यायची, चालायचंच, याच्या अंगी लागतंय ना. पिल्लू तर होतं तसंच होतं. मास्तर दुपारी हिशेब करीत, आज थोडं कमी ओतू, उद्या आणखी थोडं, म्हणजे तिला वाटेल त्याची भूक आपसूक कमी झाली. पण एक बाटली उरलेली दिसताच तिचा चेहरा असा काही भेदरला की मास्तरांनी घाईनं सांगितलं, मीच उशिरा दिली, आत्ता पिणारच होता. यातून मागं फिरायची वाट कुठल्या शिवणीत आहे ते त्यांना सापडत नव्हतं. आणि दर संध्याकाळी कांदा होता. संपत आला की ते पुन्हा चिरत. आता जागा करायला काही हलवावं लागत नव्हतं, वरचा कप्पा कायमचा कांद्याचा झाला होता. कचेरीतल्या बायकांना तिनं सांगितलं होतं, माझे बाबा असे आहेत. एकीनं तर विचारून पाठवलं होतं की कोशिंबिरीत चालतो का असा कांदा. नाही, मास्तर म्हणाले, तो मऊ पडतो, कच्चा खायला नाही चालत, फोडणीलाच. हे सांगताना आपला आवाज किती भल्या माणसासारखा निघतो, याची त्यांना किळस आली.

एकदा ते पिल्लूला घेऊन खाली बाकावर बसले होते. शेजारी एक म्हातारी येऊन टेकली. आजोबा सांभाळतात म्हणजे भाग्यच हो, ती म्हणाली. मास्तरांना वाटलं या परक्या बाईला सांगून टाकावं. तिनं कानाला यंत्र लावलेलं होतं आणि ते शिट्टी मारत होतं. तिला निम्मं ऐकू आलंही नसतं. त्यांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, हवा बरी आहे आज. उठताना त्यांच्या लक्षात आलं की पिल्लूनं त्यांचं बोट घट्ट धरलंय. त्या पोरानं त्यांना काही केलं नव्हतं. त्याच्या नावावर ते रोज खोटी भूक मांडत होते.

आणि मग ती एक दिवस डबा घेऊन आली. पावडरचा डबा, वरती हसऱ्या बाळाचं चित्र. तिनं तो ओट्यावर ठेवला आणि चप्पल न काढताच स्टुलावर बसली. खांदा धरून बसल्यासारखी ती तिरकी बसली होती. मग उठली, कढई ठेवली, तेल घातलं, फ्रीजरमधून कांदा काढून टाकला. वाफेत उभं राहून ती म्हणाली की आज दिवसभरात एक बाटलीसुद्धा भरली नाही, दुखतं फार, हात लावू देत नाही. नोकरी सोडावी का, असा ती विचार करत होती. जावयाला अजून बोलली नव्हती.

“सगळ्या बायकांना पुरतं,” ती म्हणाली. “माझंच कसं कमी पडतं, बाबा?”

मास्तर दारात उभे होते, पिल्लू खांद्यावर. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि त्यांना पहिल्यांदा त्या बघण्याची लाज वाटली. मग ते बोलले. वाक्यं नीट झाली नाहीत. कांद्यासाठी जागा केली, तिथून सुरुवात केली, ब्रेडचा डबा, फडकं. मग तू विचारलंस, मी हो म्हटलं. मग दुसऱ्या दिवशी तो प्यायला नाही आणि मी ओतलं.

“काय ओतलंत?”

“दूध,” मास्तर म्हणाले. “तुझं दूध.”

कांदा करपायला लागला होता. तिनं गॅस बंद केला.

“रोज?”

“रोज.”

ती ओरडली नाही. पिल्लूला त्यांच्या खांद्यावरून घेतलं, ते घेताना त्यांच्या हाताला आपला हात लागणार नाही असं बघितलं, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. मास्तरांनी कढई घासली. करपलेला कांदा तळाला असा धरला होता की त्यांना तो नखानं काढावा लागला. पिशवी भरून निघून जावं असं त्यांना वाटलं, आणि लगेच कळलं की तेही स्वतःला सोपं जावं म्हणूनच. उद्या पिल्लूजवळ कोण बसणार?

सकाळी ती कामावर गेली नाही. ताप होता. डॉक्टरीण घरी येऊन गेली. दूध साचून गाठ झाली आहे, गोळ्या घ्यायच्या, शेक द्यायचा, आणि दुखलं तरी दूध काढत राहायचं. एवढं सगळं मास्तरांनी दाराबाहेर उभं राहून ऐकलं. गोळ्या आणल्या. पाणी गरम करून टॉवेल पिळले आणि दाराशी स्टुलावर ठेवून मागं सरले. ती उठून ते घेऊन जायची. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी ती उठली नाही.

“आत आणा,” ती म्हणाली.

ते आत गेले, खिडकीकडे बघत. टॉवेल पुढं केला. तिनं तो घेतला, यंत्र सुरू झालं, आणि ते वळले.

“बाबा, तुम्ही माझ्याकडे बघत का नाही?”

मास्तर थांबले. तिनं हळू, तापातल्या सपाट आवाजात सांगितलं. हा झाल्यापासून नाही, आधीपासून. मी सहावीत होते. शाळेचा नवा झगा शिवायचा होता. दर वर्षी तुम्ही मला दुकानात टेबलावर उभं करायचात, माप घ्यायचात, गुदगुल्या करायचात. त्या वर्षी मी टेबलावर चढले आणि तुम्ही टेप आईच्या हातात दिलात आणि बाहेर जाऊन उभे राहिलात. आई म्हणाली, मोठी झाली आता. मला वाटलं माझं काहीतरी घाण झालंय. येईल-जाईल त्या बाईचं माप तुम्ही घेत होतात, माझंच घेववत नव्हतं. आता इथंही तुम्ही माझ्या दुधाला फडक्यानं धरता. मी बघते रोज. तुम्हाला किळस येते, असं समजून मी ते पटकन बाटलीत भरून ठेवत होते, तुम्हाला हात लावायला लागू नये म्हणून.

मास्तरांना तो दिवस आठवत नव्हता. मग आठवला, टेबल नाही, मूल नाही, फक्त रस्त्यावर उभं राहून आपण समोरच्या सायकलच्या दुकानाकडे बघत होतो तेवढं, आणि आपण किती बरोबर वागलो असं वाटलं होतं ते. किळस नाही गं, त्यांना म्हणायचं होतं. मग काय, हे त्यांना सांगता आलं नसतं. लाज, आणि लाजेचंच नाव त्यांनी मर्यादा ठेवलं होतं, आणि लेक बिचारी इतकी वर्षं ती लाज स्वतःच्या अंगावर घालून हिंडत होती. मापाचं नसलेलं कापड.

“किळस नाही,” ते म्हणाले. “कधीच नाही, पोरी.”

तिनं त्यांना माफ केलं असं तिच्या चेहऱ्यावर कुठं दिसत नव्हतं, आणि ते दिसत नव्हतं हे मास्तरांना दिसलं, कारण ते आता बघत होते. डोळ्यांखाली काळं झालं होतं. ओठ सुकले होते. खांद्यावरून टॉवेल घसरला होता आणि तिनं तो सावरला नाही. यंत्र घर्र-घर्र करत होतं, मध्येच तिचा श्वास अडकायचा, दात ओठावर यायचे, आणि बाटलीच्या तळाशी थेंब पडायचा. मास्तर उभे राहिले. कान तापले होते, गळ्याशी घाम आला होता, सगळं अंग खिडकीकडे वळा म्हणत होतं. ते वळले नाहीत.

बऱ्याच वेळानं तिनं यंत्र बंद केलं. बाटली बोटभर भरली होती. तिनं ती त्यांच्यापुढं धरली, झाकण न लावता. मास्तरांनी दोन्ही हातांनी घेतली. ती गरम होती. आजवर त्यांनी ते गोठलेलंच धरलं होतं, नाहीतर फ्रीजमधून निघालेलं गार. ते तिच्या अंगातून असं गरम निघतं, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पिल्लू पाळण्यात जागं होऊन हात चोखत होतं. मास्तर बाटली सांडू नये म्हणून एक-एक पाऊल टाकत त्याच्याकडे निघाले.